मिस थ्रॉस्बींना वाचून दाखवताना

३ फेब्रुवारी १९९८, मंगळवार

बाबांच्या कंपनीने वाटलेली डायरी फेब्रुवारीत सुरू करते आहे, कारण जानेवारीत लिहिण्यासारखी एकच गोष्ट होती: व्हिसा अजून आला नाही. आता तो आला, आणि मीही आले. अबुधाबीत, बतीनमधल्या एका जुन्या व्हिलाच्या मागच्या खोलीत राहते. समुद्र जवळ आहे म्हणतात. दिसत नाही, पण कपडे वाळत नाहीत.

बाबा मुसफ्फाच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर आहेत. या व्हिलाचं गेट त्यांनीच बनवलं. ते बसवत असताना इथल्या साहेबांनी विचारलं, इंग्रजी टाइप करणारं कोणी ओळखीचं आहे का? बाबांना इंग्रजी येत नाही, पण या प्रश्नाचं उत्तर त्यांचं बरेच दिवस पाठ होतं. "माय डॉटर. बीए इंग्लिश." आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. बाबा हे फोरमनपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगतात, आणि माझ्यासमोर मात्र मला 'मास्तरीणबाई' म्हणून चिडवतात.

घरात तीन भावंडं. मिस व्हेनेशिया थ्रॉस्बी, वय एक्याऐंशी, सगळ्यात मोठ्या. त्यांना आता जवळजवळ दिसत नाही. मधले ह्यूगोसाहेब, शहात्तर. धाकटे रोलीसाहेब, सत्तर. लग्न कोणाचंच नाही. १९६१ साली ह्यूगोसाहेबांची बँकेत नोकरी लागली म्हणून ते इकडे आले. मॅडम रोलीसाहेबांना घेऊन दोन आठवड्यांसाठी भावाला भेटायला आल्या. ते दोन आठवडे अजून संपलेले नाहीत.

ह्यूगोसाहेब चौदा वर्षं एक विनोदी कादंबरी लिहीत आहेत. विषय: एक जुनं, विक्षिप्त इंग्रज घराणं. माझं काम ती टाइप करण्याचं. साहित्याची सेवा आपल्या हातून होईल असं कॉलेजात वाटायचं, पण ती इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दमले. साहेब फेऱ्या मारत सांगतात आणि फेऱ्या व्हरांड्यापर्यंत जातात, त्यामुळे वाक्याचा शेवट ऐकायला मला मागे पळावं लागतं. डोक्यावर किटली गरम ठेवण्याची लोकरी टोपी असते. विचार थंड होऊ नयेत म्हणून, म्हणाले. मी ते वहीत टिपून ठेवलं.

कादंबरीत नावं बदललेली आहेत, पण घराणं हेच, हे मला दुसऱ्या पानावर कळलं. लेडी ग्रिझेल म्हणजे मॅडम. 'मोत्यांची माळ घातलेलं गिधाड' असं त्यांचं पहिलंच वर्णन आहे. सख्ख्या थोरल्या बहिणीला! टाइप करताना माझी बोटं अडखळली.

मॅडमना चांदीच्या चमच्यांचं वेड आहे. मखमली पेटीत अठरा खाचा, चमचे सतरा. अठरावा १९७४ पासून गायब आहे. रोज संध्याकाळी सातला त्या बोटांनी चाचपून मोजतात आणि त्या दिवसाचा संशयित जाहीर करतात. आज धोबी होता. काल इंग्लंडची राणी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पहाटे खिडकीतून एक विचित्र प्रकार पाहिला. रोलीसाहेबांनी बागेत पाऊस मोजण्याचं यंत्र बसवलं आहे. ते रोज सकाळी हाफपँट आणि टाय घालून तिथे जातात आणि वहीत शून्य लिहून येतात. आज ते उठण्याआधी आमचे स्वयंपाकी खैरुद्दीनभाई त्या नळीत एका लहानशा चांदीच्या चमच्याने पाणी घालत होते.

मी खाली जाऊन विचारलं, "ये क्या कर रहे हैं?"

"महीने में एक बार बारिश होना चाहिए बेटी," ते म्हणाले. "छोटे साब का जी लगा रहता है."

खैरुद्दीनभाई हैदराबादचे, चोवीस वर्षं याच घरात आहेत. माणूस अतिशय भला. पण शास्त्रीय नोंदीत असा खोटेपणा! नाश्त्याला रोलीसाहेब "तीन मिलिमीटर!" असं ओरडत आले, तेव्हा मी ताटातून मान वर केली नाही.

१ मार्च, रविवार

घरमालक आले होते. फार अदबीने बोलले. चहा घेतला, सगळ्यांच्या तब्येती विचारल्या आणि जाताना म्हणाले, व्हिला पाडायचा आहे, मे महिनाअखेर, इन्शाल्ला. मॅडमनी त्यांना चमच्याबद्दल विचारलं.

इंग्लंडमध्ये एक भाची आहे. तिने फोनवरूनच सगळं ठरवलं. दोघे भाऊ तिच्या घरी, माडीवरच्या खोलीत. मॅडम जिना चढू शकत नाहीत, म्हणून त्या तिथून तीस मैलांवरच्या वृद्धाश्रमात. सदतीस वर्षांत पहिल्यांदा भावंडं वेगळी होणार. जेवताना टेबलावर नुसतं मिठाचं भांडं इकडून तिकडे गेलं.

रात्रीच्या जेवणानंतर साहेबांनी मला थांबवलं.

"मिस सगुणा, आपण एप्रिलपर्यंत पुस्तक संपवायचं. मग तुम्ही ते व्हेनेशियाला वाचून दाखवायचं. रोज पाच वाजता. मी घरात थांबणार नाही, मला ते सोसणार नाही."

"आणि नंतर प्रकाशकाकडे पाठवायचं ना, सर?"

"ती हसली तर. ती आमच्या घरातली एकटीच आहे जिला विनोद कळतो. ती नाही हसली, तर मागच्या अंगणात ते तेलाचं पिंप आहे. त्यात जाळायचं."

चौदा वर्षांचं काम. मला झोप लागली नाही.

१९ मार्च, गुरुवार

मनगट सुजलं आहे. खैरुद्दीनभाईंनी हळद लावून दिली, आता टाइपरायटरची बटणं पिवळी झाली आहेत.

कादंबरीत एक नवं पात्र आलं: मिस प्रूडेन्स पिम, लेखनिक. मला ते मुळीच पटलं नाही. ही बाई कोणीही वयस्कर खोलीत आलं की उठून उभी राहते, म्हाताऱ्या मांजरासाठीसुद्धा. वडीलधारं माणूस ज्या खुर्चीतून उठून गेलं, त्या खुर्चीत ती बसत नाही. साहेबांचं म्हातारं मांजर आलं तेव्हा मी सहज उठले होते, पण ते त्याला जागा हवी होती म्हणून. आणि खुर्चीचं म्हणाल, तर तसं बसू नयेच. यात हसण्यासारखं काय आहे?

मी धीर करून म्हटलं, "सर, क्षमा करा, पण मिस पिममुळे कथानकाच्या गांभीर्याला बाधा येते."

साहेब थबकले. टोपी नीट केली. म्हणाले, "पुन्हा सांगा. हळू." आणि ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं मिस पिमच्या तोंडी घालून मलाच टाइप करायला लावलं.

म्हणजे माझा मुद्दा त्यांना पटला असावा.

१४ एप्रिल, मंगळवार

आज वाचन सुरू झालं. साहेब पाच वाजता छत्री घेऊन समुद्रकाठच्या कॉर्निशवर निघून गेले. ऊन एवढं, की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मॅडम खुर्चीत ताठ बसल्या होत्या. गळ्यात मोत्यांची माळ, पायांत लोकरीचे मोजे. एसी त्यांच्या खोलीत नाही. एसीमुळे माणसं खोटं बोलायला लागतात असं त्यांचं मत आहे. मी पहिलं पान उघडलं आणि गिधाड समोर आलं.

लिहिलं साहेबांनी असलं, तरी शब्द माझ्या तोंडून जाणार होते. आईच्याही वयापलीकडची बाई, डोळ्यांनी अधू, घर सुटणार, भाऊ सुटणार. तिच्या तोंडावर मी कसं म्हणू? मी म्हटलं, "लेडी ग्रिझेल या मोत्यांची माळ घातलेल्या, भारदस्त अशा स्त्री होत्या."

मॅडमनी मान किंचित वाकडी केली. "भारदस्त?"

"हो, मॅडम."

"ह्यूगोने लिहिलंय?"

मी हो म्हटलं. रात्री बसून पुढच्या प्रकरणांत पेन्सिलीने हलके कंस केले, कुठे काय वगळायचं ते. यात साहेबांचाही फायदा आहे. बहीण दुखावली नाही तर पिंपाचा प्रश्नच येणार नाही.

२२ एप्रिल, बुधवार

पाचवं प्रकरण. लेडी ग्रिझेल बिशपला चोर ठरवून त्याचे खिसे तपासते आणि खिशातून त्याचे खोटे दात निघतात. मी वाचलं: बिशप चहाला आले आणि समाधानाने परत गेले.

मॅडम हसल्या नाहीत. पण शांतपणे ऐकतात. साहेबांनी जिन्यातच गाठून विचारलं, "काही आवाज?"

"मॅडम फार भावुक झाल्या होत्या, सर."

"भावुक," साहेब म्हणाले आणि टोपी काढून हातात घेतली.

घसा बसला आहे. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या.

२९ एप्रिल, बुधवार

आज आठवं प्रकरण चालू असताना मॅडमनी हात वर केला.

"ही कोण बाई आहे?"

"लेडी ग्रिझेल, मॅडम."

"हिला मी कधी भेटलेले नाही. सगळ्यांशी गोड बोलते. कोणाची झडती घेत नाही. असं माणसाबद्दल कधी लिहितात, ठाऊक आहे?" त्यांनी दिसत नसलेल्या डोळ्यांनी खिडकीकडे पाहिलं. "माझ्या भावाला मी मेलेली वाटते का?"

मी पाणी आणून दिलं. ते त्यांनी घेतलं नाही.

संध्याकाळी सात वाजता पेटी बाहेर आली नाही.

२ मे, शनिवार

तीन दिवस चमचे मोजलेले नाहीत. मॅडम खोलीतच जेवतात, म्हणजे जेवत नाहीत. वाचन बंद करा म्हणाल्या. रोलीसाहेब दारापर्यंत जाऊन परत येतात.

खैरुद्दीनभाई ताट परत घेऊन आले आणि ओट्याशी उभेच राहिले. "चौबीस साल में मुझे तीन सौ बार चोर बोले बडी मेमसाब. इस हफ्ते एक बार नहीं बोले. मेरे को डर लग रहा बेटी."

मी त्यांना समजावलं, की वयामुळे स्वभाव मऊ होतो, हे चांगलंच लक्षण आहे. त्यांनी परत आणलेलं ताट माझ्यासमोर सरकवलं.

६ मे, बुधवार

साहेबांनी आज एकही दुरुस्ती सांगितली नाही. सगळी पानं गोळा करून दोरीने बांधली.

"शुक्रवारी संध्याकाळी," ते म्हणाले. "खैरुद्दीनला सांगितलंय, पिंप कोरडं करून ठेव."

"सर, अजून चार प्रकरणं वाचायची आहेत."

"आठ प्रकरणांत व्हेनेशिया एकदाही हसली नाही, मिस सगुणा. ती गॅस बिलावर हसते. तिच्या स्वतःच्या ऑपरेशनमध्ये ती हसली होती." ते खुर्चीत बसले. बसलेलं त्यांना मी क्वचितच पाहिलं आहे. "निदान एवढं तरी जमेल असं वाटलं होतं. जाण्याआधी."

८ मे, शुक्रवार

सकाळी मुसफ्फाला बाबांकडे गेले. बसमध्ये उभी होते, डोळे मिटत होते. कामगारांच्या कॅम्पमधल्या मेसच्या दारात पाय ठेवला आणि बाबांनी आतून आरोळी दिली, "उठा रे, मास्तरीणबाई इली! आता सगळ्यांनी शुद्ध बोला!" लुंगीतली पंधरा माणसं हसली. एकाने मला खुर्ची पुसून दिली. मला नेहमीसारखा राग आला.

बाबांनी स्वतःच्या ताटातली सुरमई माझ्या ताटात टाकली, मग तिचा मोठा तुकडा परत घेतला. "मगे? सायबाचा पुस्तक खंयसर इला?"

मी सांगितलं सगळं. गिधाड, बिशप, पेन्सिल, पिंप. आज संध्याकाळी जाळणार आहेत, हेही. म्हटलं, "मी वाईट काही केलं नाही, बाबा. मान ठेवला."

बाबा काटे काढत होते. "माका एक सांग. गावाक आवशीक पत्र लिवतंस ता तूच मां?"

"हो, आईला मीच लिहिते."

"माझ्याबद्दल काय लिवतंस?"

"खरं तेच. की बाबा पहाटे उठतात, खूप कष्ट करतात, सगळ्यांशी प्रेमाने वागतात."

"तुझी आवस फोनवर काय म्हणाली म्हायत आसा? म्हणता, सगुणाच्या पत्रातलो घोव माका वळखूक येणा नाय. हार घातलेल्या फोटोसारखो दिसता. जितो आसा मां, म्हणान इचारी होती."

मेसमधले सगळे पुन्हा हसले. बाबाही हसले. मी हात धुतले आणि दीडची बस पकडली.

त्याच दिवशी, नंतर

साहेब अंगणात पिंपाजवळ उभे होते. अंगात कोट, डोक्यावर टोपी. दोरीचा गठ्ठा खुर्चीवर. खैरुद्दीनभाई काडेपेटी सापडत नसल्याचं नाटक करत होते, ती त्यांच्या खिशात दिसत होती.

मी म्हटलं, "सर, मॅडमनी तुमचं पुस्तक ऐकलेलं नाही."

आणि गठ्ठा सोडून पेन्सिलीचे कंस दाखवले. साहेबांनी चष्मा लावला. एकेक पान उलटत गेले.

"गिधाड काढलंत?"

"हो, सर."

"सगळीकडून?"

"एकतीस ठिकाणी."

"बिशपचे दात?"

मी मान हलवली. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "मिस सगुणा, त्या गिधाडावर मी दोन वर्षं घालवली. आधी ते बगळा होतं."

मला रडू आलं. मी म्हटलं, मी परत जाईन, नवीन टाइपिस्ट बघा. त्यांनी ते ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नाही. खोडरबर आणून माझ्या हातात दिलं. "उद्या पाच वाजता. पहिल्या पानापासून. शेवटच्या प्रकरणात एक पान मी हाताने घालणार आहे, ते टाइप करायची गरज नाही."

९ मे, शनिवार

मॅडम भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी न विचारता खुर्ची ओढली आणि बसले. त्या खुर्चीत थोड्या वेळापूर्वी रोलीसाहेब बसून गेले होते, हे मला नंतर आठवलं.

"लेडी ग्रिझेल," मी वाचलं, आणि माझा आवाज चिरकला, "म्हणजे मोत्यांची माळ घातलेलं गिधाड होतं, आणि माळ खोटी होती."

मी पुढचं वाक्य वाचलं. मग मॅडमची पाठ हलायला लागली. मला वाटलं रडतात. मी थांबले.

"थांबतेस काय, मूर्ख मुली," त्या म्हणाल्या. "माळ खरी आहे! खोटारडा! पुढे वाच."

१३ मे, बुधवार

रोज तीन तास. आवाज पार गेला आहे, खैरुद्दीनभाई दर अर्ध्या तासाने आल्याचा काढा आणतात आणि दाराशी बसून राहतात. इंग्रजी त्यांना कळत नाही, पण मॅडम हसल्या की तेही हसतात. बिशपच्या दातांना मॅडम इतक्या हसल्या, की त्यांचे स्वतःचे दात काढून पाण्यात ठेवावे लागले. साहेब आता कॉर्निशवर जात नाहीत. पॅसेजमध्ये स्टुलावर बसतात, आणि बसले नाहीत असं दाखवतात.

आज रात्री जेवणाच्या टेबलावर मोठं भांडण झालं. मॅडमचं म्हणणं, चोर त्यांनी बिशपला नव्हे, बिशपच्या बायकोला म्हटलं होतं. साहेब म्हणाले, कलेसाठी एवढं चालतं. पाव फेकला गेला. सात वाजता पेटी बाहेर आली. संशयित: मी.

१५ मे, शुक्रवार

शेवटचं प्रकरण. साहेबांच्या अक्षरातलं पान आलं. त्यात मिस पिमला लेडी ग्रिझेलला पुस्तक वाचून दाखवण्याचं काम मिळतं, आणि ती रोज पाच वाजता, अतिशय सद्धेतूने, तिला तिचाच मृत्युलेख वाचून दाखवते. दहाव्या दिवशी लेडी ग्रिझेल विचारते, दफन किती वाजता आहे? मिस पिम वही बघून सांगते, "मॅडम, चहानंतर."

मी वाचत होते आणि कान तापत गेले. म्हातारं मांजर. खुर्ची. 'कथानकाच्या गांभीर्याला बाधा'. टाइपरायटरची पिवळी बटणं.

पॅसेजमधलं स्टूल करकरलं.

"काय झालं?" मॅडम म्हणाल्या. "गाळतेस का?"

"नाही, मॅडम."

पानावर अजून सहा ओळी होत्या. सगळ्या माझ्यावर. मी त्या वाचल्या, हळू आणि स्पष्ट. तिसऱ्या ओळीला मॅडमनी माझं मनगट पकडलं, हसू आवरेना म्हणून. सुजलेलंच मनगट. दुखलं, पण मी ते सोडवून घेतलं नाही.

२७ मे, बुधवार

सामान गेलं. भिंतींवर चित्रांचे चौकोन उरले आहेत. उद्या पहाटे त्यांचं विमान.

मॅडमनी हस्तलिखित स्वतःच्या हँडबॅगेत घेतलं. साहेबांच्या हाती द्यायला त्या तयार नाहीत, कारण ते सुधारणा करतील. भाचीला फोन करून कळवलं, की ह्यूगो दर गुरुवारी आश्रमात येईल आणि दुसरा भाग वाचेल. दुसरा भाग लिहायचा आहे, हे साहेबांना तेव्हाच कळलं. "काही गाळलंस तर मला समजेल," असं मॅडमनी त्यांना बजावलं. तीस मैल, दोन बस बदलायच्या, म्हणत साहेब टाइमटेबल शोधायला गेले.

पेटी बांधताना मी म्हटलं, "मॅडम, अठरावा सापडलाच नाही."

"तो खैरुद्दीनकडे आहे. रोलीचा पाऊस त्यानेच पडतो." त्यांनी पेटीचं झाकण चाचपून लावलं. "सापडला असता तर संध्याकाळी मी काय केलं असतं?"

मी या डायरीतलं बारा फेब्रुवारीचं पान काढून पुन्हा वाचलं. चांदीचा, असं मीच लिहिलं आहे.

२९ मे, शुक्रवार

मुसफ्फा. एक तारखेपासून बाबांच्याच कंपनीच्या ऑफिसात टाइपिस्ट म्हणून लागते आहे. कोटेशन्स, डिलिव्हरी नोट. चौदाशे दिरहम. बाबांनी लगेच हिशोब केला, "म्हणजे साडेपंधरा हजार रुपये!" आणि मेसभर सांगून आले. खैरुद्दीनभाई हैदराबादला गेले. जाताना चमचा त्यांच्या खिशातून डोकावत होता. मी पाहिल्याचं त्यांनी पाहिलं.

ऊन भयंकर आहे. पाय दुखतात. दोन दिवस नुसतं झोपून राहावंसं वाटतं. पण आईला पत्र टाकून महिना झाला, म्हणून बसले. 'बाबा खूप कष्ट करतात' असं सुरू केलं आणि तो कागद बाजूला ठेवला. नवीन घेतला.

'ती. आईस, बाबांनी काल मेसमध्ये जास्त भात कोण खातो याची पैज लावली. हरले. आता सगळ्यांना सांगत फिरतात की तांदूळच खराब होता, आणि कालचं माझं ताटही त्यांनीच संपवलं.'

खोडलं नाही.